देवमाशाचा दात आणि एक सही

आमच्या लहानशा बेटावर, गावच्या शाळेत, आठवीला मेरेसेइनी नावाच्या दोन मुली होत्या. दोघींना एकाच पणजीचं नाव ठेवलेलं, आणि दोघींच्या बापांचं नावही इसोआच. परीक्षेची यादी करताना एपेली मास्तरांना वाटलं, एकच नाव चुकून दोनदा पडलंय. जन्मतारखेचा रकाना त्यांनी पाहिला नाही. एक ओळ खोडली, ती माझ्या मुलीची.

परीक्षेला तिच्या बाकावर नंबर नव्हता. मास्तर म्हणाले, "तू लिही गं, नंबराचं मी बघतो." तिनं चारही पेपर लिहिले. निकाल लागला तेव्हा त्यात तिचं नावच नव्हतं. बिननंबरी पेपर कुणी तपासत नाही.

मोठ्या बेटावरच्या वसतिगृहाच्या शाळेत मार्कांवर जागा मिळते. मी त्याच शाळेतून कॉलेजला गेले होते. नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिना-महिना बाहेर. मी बाळाला काखेत घेऊन टेकडीवर चढले, कारण फोन तिथंच लागतो, आणि फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाईंना सगळं सांगितलं.

"चूक शाळेची आहे, तर मुलीचं वर्ष जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "पेपर तपासून मागायचा तिला हक्क आहे. पण चूक आपली, असं शाळेनं लिहून द्यायला हवं. सही-शिक्क्यानिशी, आणि ते शुक्रवारच्या बोटीनं परीक्षेच्या कचेरीकडे निघायला हवं. त्यानंतर मुदत संपते."

मी पत्र लिहून काढलं. तीनच ओळी. फक्त सही हवी होती. बुधवारी मास्तरांकडे गेले.

"शिक्का कपाटात आहे, लोसा. किल्ली बायको घेऊन गेली मळ्यात."

"सही तरी करा. शिक्का उद्या मारा."

"नोकरी जाईल गं माझी." मग हसून म्हणाले, "तू शिकलेली. तुला कागदाशिवाय माणूस दिसत नाही."

गुरुवारी दुपारी ते आमच्या घरी आले. मागे भाऊबंद, आणि मास्तरांच्या दोन्ही हातांत देवमाशाचा दात, काथ्याच्या वेणीला लटकलेला. आमच्यात तो देऊन माफी मागतात. घरच्या वडिलाधाऱ्यानं घेतला की झालं गेलं पुरलं जातं, पुन्हा उकरायचं नाही.

मामंजी चटईच्या वरच्या टोकाला बसले होते. आम्ही बायका खाली, दाराजवळ. पत्र माझ्या मांडीखाली होतं.

मास्तर गुडघ्यांवर पुढे सरकले. "चूक माझी," ते म्हणाले. "माझ्या हातानं लेकराचं नाव खोडलं." ते रडले, खरोखर रडले. तीस माणसांनी ऐकलं. वकीलबाईंना जे हवं होतं ते सगळं त्यांनी सांगितलं, फक्त कागदावर नाही.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यांना पत्राचं माहीत होतं, मीच वाचून दाखवलं होतं. मला वाटलं, ते म्हणतील, आधी सही. पण याच मास्तरांच्या बापानं मामंजींना एकदा वादळातून ओढून काढलं होतं, हे मला लग्न झाल्यापासून ऐकून पाठ आहे.

त्यांनी हात पुढे केले आणि दात घेतला.

माफी मान्य म्हणून सगळ्यांनी ओंजळीनं तीन टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजले. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीनं, मेरेनं, माझ्या हातांकडे पाहिलं.

मी मास्तरांना पायऱ्यांशी गाठलं, पत्र पुढे धरलं.

"आता?" ते हळूच म्हणाले. "तुमच्या घरानं घेतलं, लोसा. आता मी सही केली तर म्हातारबाचा शब्द काय राहिला? त्यांनाच विचार."

विचारलं. मामंजी दाताची वेणी खुंटीला अडकवत होते. "पोरी, गावात राहायचंय आपल्याला," ते म्हणाले. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

मग ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्याकडे गेले, साक्षीला सही करा म्हणून. अकूया मावशी माशांचे खवले काढत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कशाची साक्ष, बाई? काही झालंच नाही ना आता."

शुक्रवारी बोट गेली. बिनसहीचं पत्र मी तरीही पाकिटात घालून खलाशाकडे दिलं. महिन्यानं उत्तर आलं: शाळेच्या पत्राशिवाय विचार करता येत नाही.

दुसरी मेरेसेइनी जानेवारीत वसतिगृहाला गेली. आमची पुन्हा आठवीत. बाक तिला लहान पडतो, गुडघे वर येतात. पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेतली आणि तिच्या नावाशी थांबून प्रेमानं म्हणाले, "या वर्षी एकच आहेस हो. चुकायचा प्रश्न नाही."

हे तिनं घरी येऊन सांगितलं, दप्तर न काढता, खुंटीकडे बघत.

"तू टाळ्या का वाजवल्यास?" तिनं विचारलं.

मी बाळाला भरवत होते. भरवत राहिले.