माझी एकही कडी तुटली नाही

मित्रांनो, या खोलीच्या दारामागे खिळ्याला लटकलेली, ठिकठिकाणी गंजलेली साखळी दिसते ना तुम्हाला? तीच मी. प्रवासात बॅग चोरीला जाऊ नये म्हणून तिला बांधायची साखळी. हात लावलात तरी चालेल, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला 'शाबास' म्हणायचं नाही. माझा स्वभाव जन्मापासून तापट आहे आणि तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का होतो, ते ऐका.

माझा जन्म मारहाणीतच झाला. लोहारानं मला भट्टीत लालभडक होईस्तोवर भाजलं, सांडशीनं मान धरून बाहेर ओढलं आणि ऐरणीवर आडवं पाडून घणानं बडवलं. जरा निवतेय म्हणावं, तोच पुन्हा भट्टीत. एकेक कडी वाकवायची, दुसरीत अडकवायची, तोंडाला तोंड भिडवून ठोकायची. शेवटी पाण्यात बुचकळलं तेव्हा मी अशी किंचाळले, की दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं. एवढ्यानंही त्या बाबाचं समाधान होईना. त्यानं मला दगडावर ठेवून छिन्नी लावली आणि घाव घातला. छिन्नीचीच धार गेली. लोहार घाम पुसत हसला. "आता हिला कुणाचा बापसुद्धा तोडू शकणार नाही," तो म्हणाला. मला ते कौतुक वाटलं आणि मी फुगून बसले.

मला विकत घ्यायला दोन बहिणी आल्या. थोरली दागिन्यांत खडे बसवायची. मोहरीएवढा खडा चिमट्यानं उचलायची, श्वास रोखायची आणि सोन्याच्या कोंदणात अलगद टेकवायची. धाकटी त्या दागिन्यांना झिलई द्यायची आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायची. काम यायचं दूरच्या शहरातल्या एका सराफाकडून. तयार दागिने घेऊन थोरली बसनं जायची आणि नवं काम घेऊन परतायची. दागिने लोकांचे, नाव सराफाचं आणि जिवाला घोर थोरलीच्या. नुकतंच गर्दीत कुणीतरी ब्लेडनं तिच्या बॅगेचं पोट फाडून कर्णफुलं लांबवली होती.

"मजबूत द्या हो," ती लोहाराला म्हणाली.

"किती मजबूत? हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती परवडला," धाकटी म्हणाली, "चोरीला गेला तर दिसतो तरी."

सुरुवातीला थोरली फार शहाणपणानं वागायची. बॅग मुद्दाम जुनी, कळकट. दागिने एका जागी कधीच नाहीत. थोडे बॅगेच्या तळाशी शिवलेल्या कप्प्यात, थोडे कपड्यांच्या आत कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्यात. बॅग डोक्यावरच्या फळीवर नाही, पायाशी. मला बॅगेच्या मुठीतून ओवायची, सीटच्या लोखंडी पायाला वेढा द्यायची आणि माझी दोन्ही टोकं कुलपात अडकवायची. ते माझ्या कामाचे खरे दिवस होते.

आणि काय मारामाऱ्या केल्या मी! एकानं सीटखाली वाकून मला पक्कड लावली. बस खड्ड्यात आदळली, पक्कड निसटली आणि त्याचं बोट माझ्या दोन कड्यांच्या मध्ये सापडलं. मी त्याचं नख मुळापासून उपटलं. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्या एकानं धक्काबुक्की करून बॅग हिसकायला पाहिली, तर थोरलीनं माझंच मोकळं टोक गरकन फिरवून त्याच्या थोबाडावर हाणलं. त्याचा दात बसच्या पायरीवर पडला. "शाबास गं माझे बाई!" थोरली मला म्हणाली. खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला मजा यायची. रक्ताचा थेंब अंगावर वाळला तरी तो मला दागिन्यासारखा वाटायचा.

इथूनच घात झाला. माझ्या जिवावर थोरली निर्धास्त झाली. "ही असताना भीती कसली?" असं म्हणून तिनं कमरेचा पट्टा बांधायचं सोडलं. सगळे दागिने बॅगेत जाऊ लागले.

पण चोर काय गप्प बसतात होय? एका प्रवासात थोरलीला डुलकी लागली. मागच्या सीटवरच्या माणसानं मला हातसुद्धा लावला नाही. त्यानं पान्यानं सीटच्या पायाचे बोल्ट सोडवले, पाय जरा उचलला आणि मला खालून सरकवून बॅग घेऊन चालू लागला. कंडक्टरनं त्याला दारात पकडलं. मग काय विचारता! ज्याला त्याला हात धुऊन घ्यायचे होते. प्रवाशांनी त्याला लाथाबुक्क्यांनी इतकं तुडवलं, की शेवटी त्याला वाचवायला थोरलीच मध्ये पडली. घरी आल्यावर तिनं आधी बॅगेतले दागिने मोजले.

"सीटचा भरवसा नाही," ती धाकटीला म्हणाली. "आता साखळीचं एक टोक बॅगेला आणि दुसरं माझ्या मनगटाला."

"आणि सुरा दाखवून चावी मागितली तर?"

"चावी जवळ ठेवलीच नाही तर? एक तुझ्याकडे घरी, दुसरी सराफाकडे. माझ्याकडे चावी नाही म्हटल्यावर सुरा दाखवून करणार काय?"

"अगं, पण बॅग ओढली तर?"

"ओढू दे. जाईल तर माझ्यासकट जाईल."

"ताई, मी तेच म्हणतेय," धाकटी म्हणाली.

थोरलीनं ऐकलं नाही. सराफाला तर ही युक्ती फार आवडली. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, की आमच्या बाईंच्या हाताला हात लावल्याशिवाय माल जाणं शक्य नाही. असली गोष्ट दुकानात बसून चारचौघांत सांगायची असते का? कुणाच्या कानावर गेली, देव जाणे.

तो दिवस मला विसरता येत नाही. भर दुपार. थोरली बसमधून उतरून सराफाच्या दुकानाकडे निघाली होती. बॅग खांद्याला, मी तिच्या उजव्या मनगटाला, वर शाल. मागून मोटरसायकल आली. पुढे एक हेल्मेटवाला, मागे एक लांब हातांचा माणूस. त्या लांबहात्यानं बॅगेला हिसडा दिला आणि गाडी सुसाट सुटली.

मी ताठ झाले. थोरली तोंडावर आपटली आणि गाडीमागे फरपटत निघाली. रस्त्यावरच्या खडीनं तिचे गुडघे सोलले, कोपर सोललं, गाल सोलला. "सोडते! न्या! घेऊन जा!" ती ओरडत होती. तिनं मूठ केव्हाच उघडली होती. मूठ उघडून काय होणार? सोडत नव्हते ती मी. तिच्या मनगटाची कातडी माझ्याखाली गोळा होऊन फाटत होती. मला ती फाटताना कळत होती. तूट गं बाई, तूट, असं मी स्वतःला किती विनवलं! एक कडी, फक्त एक कडी. पण लोहारानं कुठं कसर ठेवली होती?

तिच्या वजनानं गाडी हेलकावली आणि फळांच्या हातगाडीवर आदळली. हेल्मेटवाला एका बाजूला पडला, लांबहात्या उठून तिच्या अंगावर धावून आला.

"चावी दे!"

"नाहीये हो! खरंच नाहीये!"

त्यानं फाडकन तिच्या तोंडात मारली. "खोटं बोलतेस? चावी दे!"

"शपथ घेऊन सांगते, सराफाकडे आहे. बॅग कापा आणि न्या!"

पण बॅगेचं कापड किंवा मूठ कापली जाऊ नये म्हणून थोरलीनंच आतून पत्रा बसवून घेतला होता. त्याचा सुरा त्यावरून नुसताच घसरला. मग त्यानं गाडीला अडकवलेली लोखंडी कांब आणली, तिचा हात पदपथाच्या कडेवर दाबून धरला आणि माझ्यावर घाव घातला. ठिणग्या उडाल्या. मी तुटले नाही. दुसऱ्या घावानं माझी कडी तिच्या मांसात रुतली. तिसरा घाव चुकला आणि मनगटावर बसला. तो आवाज लोखंडाचा नव्हता.

तोपर्यंत फळवाले वजनं आणि खोक्यांच्या फळ्या घेऊन धावले. हेल्मेटवाल्याला त्यांनी जागीच लोळवलं. लांबहात्या मात्र सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला.

दवाखान्यात नेलं तेव्हा हात सुजून मी त्यात बुडाले होते. "हे आधी काढा!" डॉक्टर ओरडले. "बोटं काळी पडताहेत!" चावी कुठे? एक घरी, दुसरी सराफाकडे, आणि सराफ दुकान बंद करून जेवायला गेलेला. शेवटी लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका कारागिराला त्याच्या यंत्रासकट आणलं. तिच्या हाताभोवती ओली फडकी गुंडाळून त्यानं आधी मलाच कापायला घेतलं. "ही काही दाद देत नाही," असं म्हणून त्यानं मला सोडलं आणि कुलपाचा आकडा कापला. ठिणग्या तिच्या दंडावर उडत होत्या आणि ती दाताखाली ओठ दाबून पडली होती.

फार उशीर झाला होता. हात वाचला, पण बोटं मेली. चिमटा धरणारी, मोहरीएवढा खडा अलगद टेकवणारी ती बोटं आता चमचासुद्धा धरत नाहीत.

सराफ भेटायला आला. त्यानं थोरलीच्या खाटेवरच बॅग उघडून दागिने तपासले. "एक खडा हलला नाही!" तो म्हणाला. मग मला उचलून त्यानं माझ्यावर थाप मारली. "आणि ही बघा. एकही कडी तुटली नाही. शाबास!" थोरली स्वतःच्या बँडेजकडे बघत राहिली. धाकटीनं मला त्याच्या हातातून ओढलं आणि भिंतीवर असं भिरकावलं, की गिलावा उडाला. "ही शाबासकी घरी घेऊन जा तुम्ही," ती म्हणाली. भिंतीवर आपटल्यावर मला बरं वाटलं, मित्रांनो. कुणीतरी मला मारायलाच हवं होतं.

धाकटी मला भंगारात देणार होती. थोरलीनं देऊ दिलं नाही. "तिला जे काम दिलं ते तिनं केलं," ती म्हणाली. "कुठं बांधायचं ते माझं मला कळायला हवं होतं." म्हणून मी या खिळ्यावर आले आणि इथूनच पुढचं सगळं पाहिलं.

धाकटी खडे बसवायला शिकली. थोरली शेजारी बसून शिकवायची. सुरुवातीला खडे टणाटण उडायचे, थोरली चिडायची, धाकटी चिमटा आपटायची आणि दोघी रडून पुन्हा कामाला लागायच्या. हळूहळू हात बसला. मग दागिने पोचवायची वेळ आली. मला न्यायला धाकटीनं साफ नकार दिला. थोरलीनं तिच्या कमरेला पुन्हा तो कापडी पट्टा बांधला आणि निम्मे दागिने त्यात भरले. "आणि बॅगेपासून तुझ्या मनगटापर्यंत दोरा बांध. डुलकी लागली तर ओढ कळेल."

"पुन्हा मनगट?" धाकटीचे डोळे मोठे झाले.

"थांब जरा."

थोरलीनं आधी नायलॉनची दोरी बांधली आणि डाव्या हातानं हिसडा दिला. दोरी तुटली नाही, मनगटावर लाल वळ उठला. थोरलीनं ती दोरी खिडकीबाहेर फेकून दिली. दुसरी आणली, तीही फेकली. मग साधा सुती दोरा बांधला आणि हिसडा दिला. तटकन तुटला. "हां," ती म्हणाली. "हा बांधून जा."

धाकटी अशीच जात-येत राहिली. मग एका संध्याकाळी दार ढकलून ती आत आली, तर बाही फाटलेली, ओठ फुटलेला, हनुवटीवर रक्त वाळलेलं. खांद्याला बॅग नव्हती. मनगटाला दोऱ्याचा तुकडा लोंबत होता.

"ताई, दोघांनी मारलं मला. बॅग गेली."

"बोटं हलव."

"ताई, अगं निम्मे दागिने गेले. सराफ आपल्याला—"

"बोटं हलव आधी!"

धाकटीनं बोटं हलवली. थोरलीनं डाव्या हातानं एकेक बोट धरून वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. सगळी वाकत होती. मग ती तिथंच जमिनीवर बसली आणि धाकटीचा हात गालाला लावून हमसून हमसून रडली. मी खिळ्यावर होते. इतकी वर्षं मी चोरांशी लढले, पण हरल्यावर इतकं हलकं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं.

सराफानं भांडण काढलं आणि काम तोडलं. गेलेल्या दागिन्यांची भरपाई करताना झिलईचं यंत्र विकावं लागलं, दोघींचं कंबरडं मोडलं. आता त्या जवळपासच्या लहान दुकानांचं काम करतात. पोट भरतं. धाकटीचा हात आता थोरलीच्या पूर्वीच्या हातासारखाच चालतो, असं थोरली म्हणते, पण धाकटी खोलीत नसताना.

तर मित्रांनो, प्रवासात माझ्यासारख्या साखळ्या जरूर वापरा. सीटच्या पायाला बांधा, नीट बघून बांधा, आणि सगळं एकाच बॅगेत भरू नका. आमच्या जिवावर झोपूही नका. पण आमचं दुसरं टोक माणसाच्या अंगाला कधी बांधू नका. धरून ठेवायचं एवढंच आम्हाला शिकवलंय. सोडायचं केव्हा, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आणि हो, माझ्या शेवटच्या कडीकडे नीट बघा. तिला दोऱ्याचा एक मळका तुकडा बांधलेला दिसेल. थोरलीनं एका हातानं आणि दातांनी ती गाठ मारली आहे. शाबास म्हणायचंच असेल, तर त्याला म्हणा. तो वेळेवर तुटला.