झाकणापाशी राहिलेल्या चपला

आमच्या वीजघरात एक नियम होता. कागदावर कुठेच नव्हता, पण साहेबांच्या नियमांपेक्षा पक्का. धरणातून येणाऱ्या भल्यामोठ्या पाइपात रंगकामाला उतरणाऱ्याने चपला झाकणापाशी काढायच्या. चपला दिसल्या की माणूस आत आहे असं धरायचं.

१९९८ साली यंत्र पहिल्यांदा फिरणार होतं. शेताला सोडायचं पाणी आधी या पाइपातून खाली येणार, वीज करणार आणि मग कालव्याला जाणार. पाहुणे जमले, नारळ फुटला. मी बटण दाबणार तेवढ्यात माझा मदतनीस शौकत धावत आला.

"भगवंतभाऊ, थांबा! झाकनापाशी संपतच्या चपला हायेत."

संपत माझा मावसभाऊ. मावशीने त्याला माझ्याच भरवशावर या रंगकामाला पाठवलं होतं. मी बटणावरचा हात मागे घेतला.

"रंगकाम कालच संपलंय, आत कोण असणार?" साहेब खेकसले.

"मानूस दिसल्याबिगर मी पानी सोडनार न्हाई," मी म्हणालो. नोकरी गेली तर गेली.

शौकत बॅटरी घेऊन आत उतरला. पाइप जिथे उभा चढतो तिथे त्याचा पाय ठरेना. मी झाकणातून बोंबललो, तर माझाच आवाज परत आला. आता मावशीला कुठल्या तोंडाने सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दोर शोधायची धावपळ चालली असताना फाटकाशी दुधाची गाडी थांबली. डोक्याला तेल चोपडलेला संपत खाली उतरला. पायात माझे बूट! मी सकाळपासून गमबुटात, मला पत्ताच नाही.

"निरगुडसरला पोरगी बघाया गेल्तो, दादा. फाटक्या चपला घालून कसा जाऊ? बूट चढवलं, न् चपला तितंच ऱ्हायल्या."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याला मिठी मारून पाहुण्यांदेखत ढसाढसा रडलो.

"पोरगी लई चांगली हाय," गाल चोळत तो म्हणाला. साहेबसुद्धा हसले, आणि घाम पुसायला वळले.

मग मी पाणी सोडलं. लांबून घरघर आली, पायाखालची जमीन थरथरली, बल्ब पेटले, टाळ्या पडल्या. संपतचं हसू मात्र गेलं होतं. त्या पाइपाकडे बघत त्याने माझं मनगट घट्ट धरलं, आणि यंत्र एका लयीत फिरायला लागलं तरी सोडलं नाही.