हरिबाचा विलायती लेक

लखननं लंडनहून डॉक्टरेट आणली ती अरबी कादंबऱ्यांतल्या नायकांवर. हे नायक साहेबाच्या देशात शिकून गावी परततात, मग ना इथले राहतात ना तिथले, आणि आपल्याच माणसांना फसवत सुटतात. लखननं तीनशे पानं त्यांची झाडाझडती घेतली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! आपला बाप मेंढरं राखतो हे त्यानं लंडनात कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि बीडच्या कॉलेजात मुलाखतीला आला तेव्हाही "घरची शेती" एवढंच सांगून तो मोकळा झाला.

"म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह यांनी त्याच्या प्रबंधाचा एका वाक्यात निकाल लावला. लखनला राग आला, पण गिळला. परतल्यापासून दीड वर्ष तो रिकामा होता.

मुलाखत संपली तशी अमरसिंहांनी त्याला गाडीत घातलं आणि कडा गावाजवळच्या आपल्या रानात नेलं. रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. घोंगडी सावरत मेंढका पुढं आला. तो हरिबा होता, लखनचा बाप.

"ह्यांना वळखता का, डॉक्टर?" अमरसिंहांनी विचारलं.

मेंढक्याचं पोर म्हणून कळलं की जागा गेली, असं लखननं धरूनच टाकलं.

"नाही," तो म्हणाला.

हरिबाचं हसू तोंडातच राहिलं.

"काय रं हरिबा, लेकासाठी माझ्या पाया पडलतास ना? ह्योच ना त्यो?"

हरिबा लेकाच्या बुटांकडं बघत राहिला. "न्हाई मालक. आमचा लखन लई काळा हाय. त्यो काय आता यायचा न्हाई. त्येची जागा ह्या सायबास्नी द्या."

लखनला लाज वाटली, अगदी खरी. पण सुटल्यासारखंही वाटलं, आणि ते लाजेपेक्षा जास्त वाटलं.

अमरसिंहांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी खिशातून नेमणुकीचं पत्र काढलं आणि लखनच्या हातात ठेवलं. ते कालच्या तारखेचं होतं. वर नाव होतं, लखन हरिबा देवकते.

हरिबाला वाचता येत नव्हतं. "कुनाचं नाव हाय वो, सायब?"

"माझं," लखन म्हणाला.

"बरं झालं," म्हणत हरिबा मेंढरांकडं वळला.