हाकेची वाट

मित्रांनो, ज्याच्या पोटात झोपायला कुणालाच आवडत नाही, असा मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. परदेशातल्या एका इस्पितळात नऊ वर्षं राबलो. मग रंगरंगोटी करून मला वलवणजवळच्या तपासणी केंद्राच्या तळमजल्यावर आणून बसवलं. आलो तेव्हा हार घातला, फोटो काढले. आता मला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत महामार्गाची धूळ साचली आहे आणि इथल्या दमट हवेने माझे सांधे धरले आहेत. दुरुस्तीचं नाव काढलं की मालक म्हणतात, "चाललंय ना?" चाललंय खरं, पण मी फार थकलोय.

माझं सर्वांत नाजूक काम सांगतो. मेंदूत बारीक धाग्यांचं जाळं असतं. इकडचा निरोप तिकडे जातो तो त्यावरूनच. हे धागे मला थेट दिसत नाहीत. पण पाटातल्या पाण्यासारखं मेंदूतलं पाणी त्यांच्या कडेकडेने सरकतं. ते कुठल्या दिशेला सरकलं हे मी टिपतो आणि संगणक त्यावरून धाग्यांचा नकाशा काढतो. डोकं जरा हललं की सगळं मुसळ केरात.

एका सकाळी पवनानगरचे हनुमंतभाऊ आले. वडापची, म्हणजे वाटेत प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचे. "कामशेत, कामशेत!" ही त्यांची हाक म्हणे गावाजवळच्या धरणाच्या भिंतीपर्यंत जायची. अलीकडे शब्द अडखळू लागले होते. मेंदूत गाठ निघाली होती, तीही बोलण्याच्या धाग्याशेजारी. चार दिवसांनी पुण्यात ऑपरेशन होतं. धागा नेमका कुठून जातो हे सर्जनबाईंना कळलं नसतं, तर भाऊंची वाचाच जायची.

मी ठकठकाट सुरू केला. अकरा मिनिटांचं काम. मध्येच आमच्या तंत्रज्ञ सारिकाताईंनी काळजीने माइकवर विचारलं, "भाऊ, ठीक आहे ना?"

"व्हय," म्हणत भाऊंनी जोरात मान हलवली. नकाशा गेला.

दुसऱ्यांदा मी सुरू झालो, तेव्हा ताईंनी पुन्हा बजावलं, "आता मान हलवायची नाही, कळलं ना?"

"व्हय!" मान पुन्हा हलली.

हसू नका, मित्रांनो. विचारल्यावर मान न हलवणारा माणूस आमच्या मावळात उर्मट ठरतो. ताईंच्या पडद्यावर मात्र लाल इशारा आला होता. मी तापलो होतो. आता एकच खेप निघणार होती.

भाऊंच्या पत्नी हिराबाई पुढे आल्या. "ताई, तुमी इचारूच नका. इचारल्यावर गप ऱ्हानं त्यांना जमायचं न्हाई. मी हितं पाय धरून बसते."

अंगावरचं सगळं धातूचं उतरवून त्या बसल्या. नवऱ्याच्या पायाचा अंगठा मुठीत घट्ट धरला. ताईंनी माइक बंद केला. मी धापा टाकत होतो, मध्येच बंद पडेन की काय, अशी मला स्वतःचीच भीती वाटत होती. अकरा मिनिटं भाऊ तसूभरही हलले नाहीत. काम संपलं आणि मी बंद पडलो. तीन दिवस उठलो नाही.

पण नकाशा मिळाला. धागा गाठीला वळसा घालून गेला होता. सर्जनबाईंनी धाग्याला चिकटलेला गाठीचा तुकडा तसाच ठेवून बाकीची काढली.

चार महिन्यांनी भाऊ पुन्हा तपासणीला आले. ताईंनी हिराबाईंना हळूच विचारलं, "बोलतात का?"

"गाडी पुतन्या चालवतो. वरडायचं काम ह्यांचंच," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, माझी यंत्रणा अजून साफ झालेली नाही. काम निघतंय म्हणून थकलेल्याकडे दुर्लक्ष करू नका, मग ते यंत्र असो की माणूस. त्या दिवशी माझ्यात अकरा मिनिटांचीच ताकद उरली होती. बारा लागली असती, तर पवनानगरच्या स्टँडवर आज कामशेतची हाक ऐकू आली नसती.