चौथ्या प्रकरणातली बाई

"बन्सीकाका, ही चांगुणाबाई कोण?"

साक्षी मॅडमनी प्रिंटचं पान काउंटरवर आपटलं. बन्सीधरच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. परभणीत विद्यापीठाच्या रस्त्यावर बावीस वर्षं तो लोकांचे प्रबंध टाइप करत होता. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"कुठली चांगुणाबाई, मॅडम?" त्यानं भोळा चेहरा केला.

"चौथं प्रकरण, पान दोनशे बारा. 'या रस्त्यावर चांगुणा नावाची बाई वाटसरूंचे पाय शेकायला गरम पाणी ठेवत असे.' काका, आठशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमध्ये चांगुणा?"

बन्सीधरला ही खोड जुनीच. प्रत्येक प्रबंधात तो काहीतरी घुसडायचा. कापसावरच्या किडींच्या यादीत त्यानं सासऱ्याचं नाव घातलं होतं. एका साहेबांच्या संदर्भसूचीत पानपट्टीवाल्या चंद्रभानचे तीन ग्रंथ टाकले. ते साहेब डॉक्टर झाले, वर पेढे देऊन गेले. चंद्रभानला अजून सगळे 'ग्रंथकार' म्हणतात. वाचतंय कोण! गाईड वाचत नाही, परीक्षक वाचत नाही आणि ज्याच्या नावावर प्रबंध आहे तो तर मुळीच वाचत नाही.

साक्षी मात्र वाचणारी निघाली. सेलूच्या एका कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची आणि सात वर्षं एकाच विषयाच्या मागे लागली होती. मध्ययुगात ख्रिस्ती यात्रेकरू महिनोन्‌महिने चालत स्पेनमधल्या संत याकोबाच्या कबरीकडे जायचे, त्या वाटांचा आणि वाटेवरच्या गावांचा इतिहास. टाइप करता करता बन्सीधरला पहिल्यांदाच गोडी लागली. आलेल्याला भाकर, निजायला गवत, वाटेत मेलेल्या परक्याला मूठमाती, सगळं त्या गावांनीच करायचं, त्यातही जास्त तिथल्या बायांनी.

"उद्या जमा करायचाय हा. तिथं कुणाला सापडलं असतं तर खोटारडी म्हणून बाहेर काढलं असतं मला. सात वर्षं पाण्यात!"

"चुकलं, ताई. लय चुकलं."

"पण आहे कोण ती?"

बन्सीधर स्क्रीनकडं बघूनच बोलला.

"आमची मंडळी. मानवत रोडला घर हाय आमचं, रस्त्याला लागून. ऊसतोडीला जायलेल्या गाड्या थांबायच्या दारात. ही चुलीवर पाणी ठिवायची, त्यांच्या लेकरायचे हातपाय धुऊन द्यायची. म्या म्हणायचो, तुला सराईचा ठेका दिलाय का कुणी? कोरोनात गेली. दवाखान्यातून परस्पर नेली, तोंड बी दावलं न्हाई. त्या गाड्या अजून थांबतेत. बाई कुठं गेली म्हणून एकानंबी इचारलं न्हाई." त्यानं चष्मा पुसला. "तुमच्या त्या बाया टाइप करायलो होतो, आन् हात तिकडंच गेला. ही खोडी न्हवती, ताई."

साक्षीनं पान उचलून ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं ते हळूच खाली ठेवलं.

"राहू द्या, काका. नाहीतरी कोण वाचतंय?"

"तुमी वाचलं की. तुमच्यासारखा आजून एक निघाला तर? तुमची सात वर्सं हायत. काढतो."

"मग आभारात घालू. अगदी वर, ठळक अक्षरात."

"नगं. आभारात गाईडची मेव्हणी बी असतीया."

साक्षीला हसू आलं आणि लगेच तिनं तोंड फिरवलं.

बन्सीधरनं ओळीवर माउस फिरवला. ओळ निळी झाली. त्यानं बटण दाबलं. खालच्या ओळी वर सरकल्या, जागा भरून निघाली. त्यानं तिथलं मोठ्यानं वाचून बघितलं:

'वाटसरूंना आसरा देणाऱ्या या शेकडो स्त्रियांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.'

सवयीनं त्यानं वाक्यात चूक शोधली. एकही नव्हती.

त्यानं प्रिंट दिली.