काट्यावरचं परकं पॅकेज

सदलग्याजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर पहाटे मेला. दहा वाजता नवा आला. काटेवाल्या स्वरूपनं हौसेनं त्यावर घरी वापरतो तेच लिनक्स घातलं. काट्याच्या प्रोग्रॅमचं पॅकेज मात्र दुसऱ्या जातीच्या लिनक्ससाठी बांधलेलं. दोघांचं आडनाव एक, पण पंगत वेगळी.

बाहेर बत्तीस ट्रॅक्टर. ऊस उन्हात वाळत होता, म्हणजे वजन घटत होतं.

शेती अधिकारी राघवेंद्र साहेब आत डोकावले. "बारापर्यंत काटा सुरू न्हाय झाला, तर बगॅसवरचा शामू बसंल इथं. तू त्याच्या जागी उसाचा चोथा ढकलायला जा."

स्वरूप उठला, बसला, परत उठला. त्यानं कंपनीला फोन लावला. "सर, तुमच्या लिनक्सवर ते चालणार नाही," पलीकडची बाई म्हणाली, आणि सेवेला दहापैकी किती गुण द्याल, असं विचारलं. स्वरूपनं घाईत नऊ दिले.

मग त्यानं एका लिनक्सचं पॅकेज दुसऱ्यासाठी बदलून देणारा एलियन नावाचा प्रोग्रॅम काढला.

"एलियन म्हंजे परग्रहावरचा?" पहिल्या ट्रॅक्टरचा भरमा आप्पा खिडकीत कोपर टेकून विचारत होता.

"व्हय."

"मग चालंल. हितं कोण हितलं हाय?"

पॅकेज बसलं, पण चालेना. म्हणे एक लायब्ररी, प्रोग्रॅमला लागणारी फाइल, जुनी आहे. स्वरूपचा जन्म महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा. घरात प्रत्येक दाखला दोन भाषांत, दोन पिशव्यांत; एक नाकारला की दुसरा पुढं करायचा. त्याच सवयीनं त्यानं परकी लायब्ररीही आणली. कॉम्प्युटरनं विचारलं, 'जुन्यावर बसवू?' स्वरूपनं 'व्हय' दाबलं.

स्क्रीन काळी.

"रं, मेला?" आप्पा.

"गप बसा की, आप्पा!"

साडेअकरा. बाहेर हॉर्न सुरू झाले. स्वरूपनं पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर जागा केला, घरची लायब्ररी जागेवर ठेवली. परकीला वेगळा फोल्डर दिला आणि तिचा पत्ता फक्त काट्याच्या प्रोग्रॅमला सांगितला. एका घरात दोन चुली. 

बारा वाजून चार मिनिटांनी राघवेंद्र साहेब शामूला घेऊन आले. त्याच क्षणी स्क्रीनवर आकडा उमटला. आप्पाचा ऊस, ट्रॅक्टरसकट, अठरा टन दोनशे किलो.

"शामू, बस," साहेब म्हणाले. "बारा वाजून गेलेत."

शामू खुर्चीजवळ गेला. "स्वरूप, हे चालवायचं कसं रं?"

"प्रोग्रॅम बंद करायचा न्हाय. कॉम्प्युटर बंद करायचा न्हाय. अपडेट विचारलं तर न्हाय म्हणायचं. आणि बंद पडलाच तर..." पुढचं स्वरूपला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

शामूनं खुर्चीला नमस्कार केला आणि दोन पावलं मागं सरला. "साहेब, मी बगॅसच ढकलतो."

साहेबांनी स्क्रीनकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. "स्वरूप, हंगाम संपेस्तोवर तू हितनं हलायचं न्हाय."

"साहेब, रविवारी माझा साखरपुडा हाय."

"पोरीला हिकडं बोलाव," आप्पा म्हणाला. "वजन बी करून घिऊ."

स्वरूपनं हात वर केला आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला पुढं बोलावलं.