मोडलेला तह

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात बसून मास्तरांचा दिवस सरता सरेना, म्हणून जावयाने त्यांच्या फोनवर तो गेम टाकून दिला. “जुन्या काळातल्या लढाया आहेत, बाबा. तुम्ही जन्मभर इतिहासच शिकवलात ना?” जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, अडकलेलं काहीही हलवून बघायची त्याला खोडच होती. त्याच्या बायकोने, म्हणजे मास्तरांच्या मुलीने, तेव्हा त्याला शाबासकी दिली. आठवडा सरायच्या आत ती तिने परत घेतली.

गेम तसा सोपा होता. नकाशावर चार राजे. प्रत्येकाने आपली चाल खेळायची आणि पुन्हा आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. डावात मास्तर, मुलगी आणि जावई असे तिघे घरचे, आणि चौथा ‘वाघोबा’ नावाचा कुणीतरी अनोळखी. जावई सुरुवातीलाच मारला गेला आणि सुटला. अडकली ती मुलगी.

कारण मास्तर चाल खेळतच नसत. ते विचार करत. आणि विचार करताना तिला फोन करत.

ती फिजिओथेरपिस्ट होती. घरासमोरच रस्त्यापलीकडे तिचं क्लिनिक होतं. सगळे पेशंट तिला ताई म्हणत.

“तुझे तिरंदाज कुठे आहेत?” भर कामात मास्तरांचा फोन.

“बाबा, माझे दोन्ही हात एका माणसाच्या पाठीवर आहेत.”

“मग फोन कशाने धरलायस?”

“खांद्याने!”

“बघ. मान वाकडी करून फोन धरू नये, असं तूच लोकांना सांगतेस.”

कधी त्यांना किल्ल्याची तटबंदी वाढवावी की धान्य साठवावं याबद्दल सल्ला हवा असे, कधी नुसतीच तक्रार करायची असे. चित्रातल्या घोडेस्वारांनी पाय रिकिबीत अडकवलेले दाखवले होते. “या काळात रिकिबी होत्या कुठे? शेंबडं पोरही सांगेल!” त्यांनी गेमवाल्यांना तसं कळवलं. उत्तरादाखल गेमवाल्यांनी सोन्याची एक पेटी बक्षीस पाठवली. मास्तरांनी ती लाच समजून उघडली नाही. मात्र ती परत कशी करायची, हे विचारायला ताईला फोन केलाच.

आणि व्यायाम? त्याचं नाव काढायची सोय नव्हती. “एवढी चाल झाली की गुडघा वाकवतो,” म्हणायचे, आणि चाल काही होत नसे. वॉकर सोडायचा नाही, जिन्याकडे बघायचंही नाही. इमारतीची लिफ्ट बंद होती, ती सुरू झाल्याशिवाय आपण खाली उतरणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं, त्यामुळे जावई ते बोलणं निमूटपणे ऐकून घेई.

अशातच एकदा जेवताना मास्तरांनी ताईशी तह केला. “तुझ्या-माझ्या सीमेवर कुणीच सैन्य ठेवायचं नाही. दोघांनी मिळून वाघोबाला बघून घेऊ.” ताई हो म्हणाली. वरण वाढता वाढता माणूस जसं हो म्हणतो, तसं.

मग तो दिवस उजाडला. सकाळपासून क्लिनिकमध्ये रीघ लागली होती. एक मशीन बंद पडलं होतं, मदतनीस मुलगी रजेवर होती. तेवढ्यात मास्तरांचे फोनवर फोन. परवापासून त्यांची एकच चाल चालू होती. अखेर दुपारी त्यांनी ती खेळली: भालाइतांची एक तुकडी, एक घर पुढे.

एवढ्यासाठी!

ताईने समोरचा डबा तसाच ठेवला आणि फोन हातात घेतला. पाळी तिची होती. मास्तरांच्या राजधानीत चिटपाखरू नव्हतं. तिचं घोडदळ शेजारीच उभं होतं. बाबांचा डाव संपला की फोन थांबतील, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिने बोट टेकवलं. राजधानी पडली. मग ती शांतपणे जेवली. फोन वाजला नाही. किती दिवसांनी घास नीट चावून खाल्ला, असं तिला वाटलं.

डबा धुऊन ती बाहेर आली, तर दारात मास्तर उभे. घामाघूम, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“तह होता आपला,” ते म्हणाले.

“बाबा! तुम्ही जिना उतरून आलात?”

“विषय बदलू नकोस.”

“वॉकर कुठे आहे?”

“वॉकरने तह मोडला नाही. तू मोडलास.”

खांदा आखडलेला एक शिंपी बाकावर वाट बघत बसला होता. त्याने काय झालं म्हणून विचारलं आणि मास्तरांनी त्याला सगळा नकाशा हातवारे करून समजावला. शिंप्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “ताई, हे काही बरोबर नाही केलंत.”

ताईला हसू येत होतं आणि रडूही, म्हणून ती ओरडली. “इतके दिवस पाया पडतेय मी, बाबा, जरा गुडघा वाकवा, दोन पायऱ्या उतरून बघा! ते नाही जमलं. आणि एका गेमपायी तीन मजले उतरलात? पडला असतात म्हणजे?” तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पँट वर सरकवून गुडघा चाचपला. थोडा गरम होता, पण बराच वाकत होता.

मास्तर खाली बघत होते. “त्या सीमेवरचं सगळं सैन्य मी काढून घेतलं होतं. का? तर तिकडे तू होतीस.”

ताईचा हात गुडघ्यावरच थांबला.

“मला काम असतं, बाबा. तुम्ही दिवसभर फोन करता.”

“तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता. मग मी दिवसभर कुणाशी बोलायचं? वाघोबाशी?”

शिंपी उगाचच भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागला.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण तुम्ही आता रोज इथे यायचं. जिना माझ्यासमोर उतरायचा, आणि व्यायाम इथेच करायचा.”

मास्तर यायला लागले. शिंप्याच्या शेजारी बसून, कुरकुरत का होईना, गुडघा वाकवू लागले. फोन थांबले, आता ते सगळं तपासणीच्या खाटेपुढच्या पडद्याच्या अलीकडून ओरडून विचारत. शिंप्याच्या फोनवरही गेम आला. आपली चाल असली की तो ताईला “जरा थांबा हं” म्हणून खांदा सोडवून घेई. ताई कपाळावर हात मारून उभी राही.

नवा डाव मांडला, नवा तह झाला. या खेपेला मास्तरांनी तिच्या सीमेवर आपलं यच्चयावत सैन्य नेऊन उभं केलं. पाठीमागून वाघोबा एकेक किल्ला गिळत चालला.

“बाबा, मी नाही येत तुमच्यावर! तिकडे बघा, तिकडे!” ताई पडद्याआडून ओरडली.

मास्तरांनी शिंप्याकडे बघून डोळा मिचकावला. “ऐकलंत? घोडदळ तयार दिसतंय तिचं.” आणि शेवटचे उरलेले भालाईतही त्यांनी तिच्याच सीमेवर नेऊन ठेवले.